काळी, पांढरी आणि आमचा प्लॉट

गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या ओळखीतल्या निदान सहा जणांनी प्लॉट घेतले. कुणी पुण्याबाहेर वीकएंड होमसाठी, कुणी गावाकडे आईवडिलांसाठी, तर कुणी नुसतंच 'इन्व्हेस्टमेंट' म्हणून. घेण्याआधी प्रत्येकाने भरपूर अभ्यास केला. सातबारा बघितला, एनए ऑर्डर बघितली, रस्ता किती फुटी, लाईटचा खांब किती लांब, तोंड कुठल्या दिशेला, मोबाईलला रेंज येते का, सगळं. एकाने तर एक्सेल शीट केलं होतं, प्रत्येक मुद्द्याला वेटेज वगैरे देऊन (आम्हा लोकांना एक्सेलशिवाय प्रेमातसुद्धा पडता येत नाही!). त्या शीटमध्ये एकोणीस कॉलम होते. मातीचा एकही नव्हता.

गंमत बघा, आपण पैसे मोजतो ते मातीचे. घर, झाडं, संडासाची टाकी, सगळं त्या मातीत जाणार. पण 'कशी आहे माती?' हा प्रश्न फक्त शेतकऱ्याने विचारायचा असतो अशी आपली ठाम समजूत आहे.

माझ्या डोक्यात हा विषय शिरला तो काकांच्या घरामुळे. आमचं मूळ गाव बार्शीकडचं, म्हणजे सोलापूर जिल्हा. तिथे गावाबाहेर काकांनी २०१२ साली टुमदार एकमजली घर बांधलं. पहिल्याच पावसाळ्यानंतर बेडरूमच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग निघाली. पुट्टी भरली, रंग दिला. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तीच भेग, आता बोट जाईल एवढी. मागचं दार जूनपासून दिवाळीपर्यंत लागायचं नाही आणि उन्हाळ्यात आपलं आपण मुकाट्याने लागायचं. तीन-चार वर्षांनी हॉलच्या मधल्या फरश्या फुगल्यासारख्या वर आल्या. गोटी ठेवली की भिंतीकडे घरंगळत जायची. आम्हा पोरांना मजा वाटायची, काकूला रडू यायचं. आयुष्यभराची बचत होती ती.

मग एक वास्तुतज्ज्ञ आले. त्यांनी नैर्ऋत्येचा दोष काढला, स्वयंपाकघराचं दार हलवायला लावलं आणि फी घेऊन गेले. भेग जागची हलली नाही.

दोष नैर्ऋत्येत नव्हता, जमिनीखाली होता. काळ्या मातीत.

दख्खनचं पठार म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला काळा बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हा दगड हवापाण्याने कुजतो तेव्हा त्याचा आधी मुरूम होतो आणि पुढे बारीक चिकणमाती. या चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाईट नावाचं एक खनिज भरपूर असतं. त्याची रचना पत्त्यांच्या कॅटसारखी, एकावर एक अतिशय पातळ पापुद्रे. पाणी मिळालं की ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि कॅट फुगतो. वाळलं की पाणी निघून जातं आणि कॅट दबतो. उन्हाळ्यात रानात ज्या हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच आकसण्यातून. आणि पावसाळ्यात चपलेला जो दोन-दोन किलोचा चिखल चिकटतो, तो हाच फुगलेला कॅट.

आता यावर घर ठेवा. जून आला की घराच्या कडेची माती आधी भिजते, फुगते आणि भिंतींना वर ढकलते. घराखालची मधली माती अजून कोरडीच. उन्हाळ्यात उलट, कडेची माती आकसते आणि भिंतीचा आधार काढून घेते. शिवाय फरशीने जमीन झाकल्यामुळे मधल्या मातीतली ओल बाष्प होऊन बाहेर पडू शकत नाही. ती वर्षानुवर्षं साठत जाते आणि घराचं पोट हळूहळू वर येतं. काकांची फरशी फुगली ती यामुळे. खिडकीच्या कोपऱ्यातून भेग निघाली कारण भिंत तिथेच सगळ्यात कमजोर असते.

यात मला सगळ्यात उलटी वाटलेली गोष्ट अशी, की बैठ्या घराला त्रास जास्त होतो. आपण म्हणतो, छोटंसं तर घर आहे, कशाला एवढा खोल पाया? पण उंच इमारतीचा पाया बहुधा खडकापर्यंत नेलेला असतो, आणि तिचं वजनही दांडगं. बैठ्या घराचा पाया उथळ आणि वजन कमी, म्हणजे फुगणाऱ्या मातीला वरून दाबायला काहीच नाही. ती आरामात उचलते.

असो. तर २०२३ साली आमचे तीर्थरूप निवृत्त झाले. हायस्कूलमध्ये तीस वर्षं विज्ञान शिकवलेलं. पुण्यात आमच्या टू बीएचकेमध्ये त्यांचा जीव रमेना. गावाजवळ चाळीस बाय साठचा प्लॉट त्यांनी आधीच घेऊन ठेवला होता, त्यावर घर बांधायचं ठरलं. बजेट म्हणजे त्यांचा पीएफ आणि माझं थोडंसं कर्ज. मी म्हटलं, "बाबा, आधी खड्डा घेऊन बघू." बाबा म्हणाले, "अरे, शेजारच्या सगळ्यांनी चार फुटांवर पाया घेतलाय." मी म्हटलं, "काकांनीपण चार फुटांवरच घेतला होता." त्यावर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच गड्याला बोलावलं.

२०२४चा मे महिना, वर ऊन मी म्हणतंय आणि आम्ही बापलेक खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसलोय. वरची आठ फूट निव्वळ काळी माती, कोळशासारखी. मध्ये चुनखडीचे पांढरे खडे. आठ फुटांनंतर रंग बदलला आणि पिवळसर मुरूम लागला, पहार मारली की खण्ण वाजणारा.

बाबांमधला मास्तर जागा झाला तो इथे. मी त्यांना एक साधी चाचणी सांगितली, भारतीय मानकांमध्ये ती 'फ्री स्वेल इंडेक्स' म्हणून आहे. वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घ्यायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. चोवीस तासांनी दोन्हींतली माती किती जागा व्यापते ते बघायचं. बाबांनी जुन्या शाळेच्या प्रयोगशाळेतून मोजपात्रं पैदा केली, रॉकेल कुठून मिळवलं ते त्यांनाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती दहा मिलीच्या रेघेवर आणि पाण्यातली अठराच्या. म्हणजे ऐंशी टक्के फुगवटा. बाबा बराच वेळ त्या दोन नळ्यांकडे बघत बसले. मग म्हणाले, "दादाचं घर या अठरावर उभं आहे तर." (पुढे लॅबमधून रीतसर रिपोर्टही घेतला. त्याचे पैसे एका बऱ्या मोबाईलपेक्षा कमी झाले. अख्ख्या घराच्या हिशेबात हा खर्च काहीच नाही.)

त्या रात्री गच्चीवर पडल्या पडल्या बाबांनी मला एक गोष्ट सांगितली. जुन्या कागदपत्रांमध्ये गावाच्या जमिनीचे दोन भाग असत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. हे शब्द मीही ऐकले होते, पण ते शब्दशः मातीबद्दल आहेत हे कधी डोक्यात आलं नव्हतं. गाव वसायचं ते बहुधा जरा उंचवट्यावर, निचऱ्याच्या जागी. शेकडो वर्षं तिथे मातीच्या भिंती पडल्या, नव्या उभ्या राहिल्या, चुलीची राख पडली, आणि त्या सगळ्यातून वस्तीखालची माती फिकट राखाडी झाली. आपल्याकडचे पुरातत्त्ववाले जुन्या वस्तीची जागा ओळखतात तीही 'पांढरीचं टेकाड' म्हणूनच. नेवासे, इनामगाव इथली उत्खननं अशाच टेकाडांवर झाली.

म्हणजे राहायचं पांढरीवर आणि पेरायचं काळीत, ही विभागणी भाषेतच होती. आज काय झालंय? गावठाण भरलं, भावाभावांत वाटण्या झाल्या, आणि नवे प्लॉट पडतायत ते गावाबाहेरच्या रानात. म्हणजे थेट काळीत. कागदावर शेतजमिनीची बिगरशेती होते. शिक्का बसला तरी माती तीच, ती पावसाळ्यात फुगायची थांबत नाही.

पण इथे 'आपले पूर्वज किती महान' या गाडीत मला बसायचं नाही. याच पट्ट्यात वाड्यांना आणि घरांना जाड दगडी भिंती असत, मातीत रचलेल्या, आणि वर मातीचं जडशीळ माळवद. उन्हाळ्यात गारेगार. पण ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा हीच घरं माणसांवर कोसळली. हजारो माणसं झोपेतच गेली. बाबा तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते, मदतीला गेले होते. त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत. त्यामुळे पूर्वजांकडून प्रश्न घ्यावा, उत्तर प्रत्येक वेळी घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

तर आमचं उत्तर काय? आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने तीन पर्याय मांडले. एक, काळी माती पूर्ण पार करून मुरमात फूटिंग टेकवायचं. दुसरा, अंडर-रीम्ड पाईल्स. रुडकीच्या सीबीआरआय या संस्थेने ही पद्धत आपल्याकडे रुळवली. जमिनीत खांब ओतायचा आणि त्याच्या बुडाशी कांद्यासारखा फुगवटा ठेवायचा. साडेतीन मीटरच्या आसपास खाली गेलं की ऋतूप्रमाणे ओल फारशी बदलत नाही, तिथे हा कांदा रुतून बसतो आणि वरची माती कितीही खेचू दे, घर हलत नाही. तिसरा, काळी माती खणून काढायची आणि जागी साधारण मीटरभर न फुगणारी चिकट माती किंवा तसा मुरूम नीट दाबून भरायचा. आयआयटी मुंबईचे प्रा. काट्टी यांनी काळ्या मातीतल्या कालव्यांच्या कामी यावर मोठं संशोधन केलेलं आहे.

आमच्याकडे मुरूम आठ फुटांवरच होता, त्यामुळे पहिला पर्याय. प्लिंथ बीमच्या खाली थोडी पोकळी सोडली, म्हणजे माती फुगली तरी बीमला धक्का नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जोत्यात भर घातली ती विकतच्या मुरमाची. यावर आमच्या गवंड्याचं आणि माझं चांगलंच वाजलं. खणून निघालेला काळ्या मातीचा ढीग फुकट पडलेला असताना बाहेरून मुरूम का आणायचा, हे त्याला पटेना. पण तीच माती फरशीखाली भरली की खाली केलेल्या खर्चावर पाणी. शब्दशः. सगळं मिळून सव्वा लाखाच्या आसपास जादा गेले. त्यासाठी मॉड्युलर किचन रद्द झालं. आईने ते कसं घेतलं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

घराचं झालं. खरी कसोटी लागली ती संडासाच्या पाण्याला.

सेप्टिक टँकबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे, की टाकीत गेलं म्हणजे शुद्ध झालं. तसं नाही. टाकीत गाळ खाली बसतो, थोडाफार कुजतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधलं पाणी बाहेर पडतं. ते पाणी दिसायला जरा बरं असलं तरी त्यात रोगजंतू जिवंत असतात. पुढची सफाई करते ती माती. शोषखड्ड्यातून पाणी हळूहळू मातीत झिरपतं, तिथले जिवाणू आणि मातीचे कण ते गाळतात. म्हणजे सिस्टीमचा निम्मा भाग आपण बांधतच नाही, तो जागेवर असलेला वापरतो. आणि तो कसा आहे हे न बघताच डिझाईन करतो! आमच्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर तर चालतं' म्हणतात.

आमचा गवंडी म्हणाला, "गुरुजी, शोषखड्डा घ्या की मागं, सगळ्यांनी तसंच केलंय." आणि प्रात्यक्षिक म्हणून त्याने भेगाळलेल्या जमिनीत एक बादली पाणी ओतलं. घटाघटा गायब. "बघा! कशी पितीया."

पण मे महिन्यातली ती तहान फसवी असते. पाणी मुरत नसतं, भेगांमधून पळत असतं. यासाठीही मानकात चाचणी दिलेली आहे. एक लहान खड्डा घ्यायचा, तळाशी थोडी वाळू, त्यात पाणी भरून रात्रभर मुरू द्यायचं, म्हणजे माती जेवढी फुगायची तेवढी फुगून घेते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी भरून पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालतो. अर्धा ते एक तास लागला तर लांब उथळ चर घ्यावे लागतात. त्याहून जास्त लागला तर मातीच्या भरवशावर राहायचं नाही.

बाबा घड्याळ आणि स्टीलची पट्टी घेऊन बसले. शाळेत जसे मुलांकडून रीडिंग घ्यायचे तसे वहीत आकडे. अर्ध्या तासात पाणी उतरलं जेमतेम चार मिलिमीटर. म्हणजे २५ मिलिमीटरला तीन तासांच्या वर. गवंडी आला, वहीत डोकावला, डोकं खाजवून म्हणाला, "मग सोपं हाय गुरुजी. ती फेल गेलेली बोर हाय की कोपऱ्यात. टाकीचा पाईप तिच्यात सोडा. जन्मात भरायची न्हाई."

आणि हे तो काही वेगळं सांगत नव्हता. हे सर्रास चालतं. कोरडी गेलेली बोअर म्हणजे आयता पाताळापर्यंतचा पाईप, शून्य खर्च.

आमच्या प्लॉटला लागून एका आजींचं घर आहे. त्या, त्यांची सून आणि दोन नातवंडं. धाकटं तेव्हा दीड वर्षाचं होतं. त्यांची चालू बोअर आमच्या त्या कोरड्या बोअरपासून पस्तीस फुटांवर. प्यायचं पाणी तेच. काळी माती पाणी मुरू देत नाही, पण तिच्याखालचा मुरूम आणि भेगाळ बेसॉल्ट नेमकं उलटं करतात. खडकातल्या सांध्यांमधून पाणी न गाळता पळतं. म्हणजे आमच्या घरातली घाण मातीची चाळणी टाळून थेट त्यांच्या हंड्यात. दिसायला पाणी नितळच राहिलं असतं. लहान मुलाला जुलाब झाले असते, डॉक्टर सलाईन लावून मोकळे झाले असते, आणि आमच्या टाकीचा संबंध कुणाच्या स्वप्नातही आला नसता.

बाबा त्या संध्याकाळी गप्प होते. पैसे संपत आले होते, मला माहीत होतं. मी कर्ज वाढवायची तयारी दाखवली तर म्हणाले, "पैशाचं बघू रे. पण मला सांग, आपण एकट्याने करून काय होणार? अठरा मीटर अंतर ठेवा म्हणतं ना तुझं ते पुस्तक? हा प्लॉटच अठरा मीटर लांबीचा आहे."

हे मला मान्यच करावं लागलं. मानक सांगतं की शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर, म्हणजे साठ फूट लांब हवा. खडक भेगाळ असेल तर तेवढंही पुरेलच असं नाही. आणि ले-आऊट पडतात चाळीस बाय साठचे, प्रत्येकात एक बोअर आणि प्रत्येकात एक शोषखड्डा. कागदावरच हिशेब बसत नाही. तुम्ही तुमच्या बोअरपासून खड्डा लांब नेलात की तो शेजाऱ्याच्या बोअरजवळ जातो. एकेका घरमालकाने सुटणारं हे गणितच नाही, ले-आऊट मंजूर करतानाच एक सामाईक गटार आणि एक सामाईक शुद्धीकरण मागायला हवं. पण ते होईपर्यंत निदान आपल्या हातून ती बोअर वापरली जाऊ नये, इतकं तरी करता येतं.

आम्ही सर्वांत आधी ती कोरडी बोअर भरून वरून काँक्रीटने बंद केली. हे खरं तर प्रत्येकाने करायला हवं, उघड्या बोअरमध्ये मुलं पडतात ते वेगळंच. मग पाणी न झिरपणारी आरसीसी टाकी, तिच्या चारी बाजूंनी मुरमाची भर (नाहीतर फुगणारी माती टाकीलाही सोडत नाही). टाकीतून पाणी एका दुसऱ्या कप्प्यात खडीच्या थरातून खालून वर चढतं आणि तिथून जमिनीच्या वर बांधलेल्या, तळाला अस्तर असलेल्या खडीच्या वाफ्यात जातं. वाफ्यात कर्दळ लावली आहे. मुळांवरचे जिवाणू थोडं काम करतात, पानांवाटे बरंच पाणी उडून जातं. हेही शंभर टक्के शुद्धीकरण नाही. म्हणून त्या पाण्यावर भाजी लावायची नाही, आणि टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायची हे बाबांनी कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवलंय. न्हाणी आणि स्वयंपाकघराचं पाणी मात्र वेगळं काढलं, ते केळी आणि कर्दळीला जातं. मोरीच्या पाण्यावर केळ हे तर आपल्याकडे घरोघरी होतं, आम्ही नवीन काही केलं नाही.

आता बाग. हा विभाग आमच्या मातोश्रींचा.

काळी माती सुपीक हे खरं, पण कापूस आणि ज्वारीसाठी. आईने पुण्याहून नेलेला मोगरा आणि गुलाब लावले, तर दोन महिन्यांत पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. तिला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून तिने वाढवलं. झाडं आणखी पिवळी. या मातीत चुनखडी असते, ती अल्कधर्मी. लोह मातीत असतं, पण मुळांना उचलता येत नाही. त्यात पाणी साचून राहिलं की मुळांना हवा मिळत नाही. उपाय साधा होता. वाफे फूटभर उंच केले, मातीत मुरूम आणि भरपूर कुजलेलं शेणखत मिसळलं, पाणी कमी केलं, वर पाचोळ्याचं आच्छादन. आणि ओल्या मातीत पाय ठेवायचा नाही हा नियम. ओली काळी माती तुडवली की तिची वीट होते.

मोठ्या झाडांबाबत आमचं आईशी एकमत होईना. तिला कडुनिंब अगदी ओट्याजवळ हवा होता, सावलीला. पण मोठं झाड उन्हाळ्यात जमिनीतली ओल ओढून घेतं, तिथली माती जास्त आकसते आणि जवळची भिंत खचते. साधा ठोकताळा असा, की झाड जेवढं उंच होणार तेवढं ते घरापासून लांब हवं. कडुनिंब गेला कुंपणाच्या पार बाहेर, रस्त्याकडेला, आणि ओट्याजवळ मांडव घालून मधुमालती आली. भिंतीला लागून एकही वाफा नाही. घराभोवती तीन फुटांची फरसबंदी, उतार बाहेरच्या बाजूला, पागोळ्यांचं पाणी पाईपने लांब. भिंतीजवळ रोज पाणी घालणं म्हणजे बारा महिने तिथेच पावसाळा करणं.

हे सगळं वाचून कुणी कोकणात जाऊन असंच करेल तर पंचाईत होईल, म्हणून थोडं तिकडचं. बायकोचं आजोळ राजापूरकडचं. तिथे जांभा. १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात फ्रान्सिस बुकाननने ज्याला लॅटेराईट हे नाव दिलं तोच हा दगड, त्याने तो केरळात पाहिला होता. जमिनीतून काढताना मऊ, चिऱ्यात कापता येतो, उघड्यावर राहिला की कडक होतो. तो काळ्या मातीसारखा फुगत नाही, त्यामुळे पायाची चिंता कमी. पण तो सच्छिद्र. पाऊस धो धो पडतो आणि खाली निघून जातो, एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो. तिथे शोषखड्ड्यातलं पाणी मुरत नाही ही अडचण नाही, फार लवकर मुरतं ही आहे, आणि वाडीत विहीर प्रत्येकाची. माती आम्लधर्मी, त्यामुळे आंबा-काजू खूश. म्हणजे बार्शीची प्रत्येक चिंता तिथे उलटी करून वाचायची. एकच नकाशा दोन्हीकडे चालवणारे आर्किटेक्ट मी पाहिले आहेत.

२०२५चा अख्खा पावसाळा घराने काढला. बाबांनी प्रत्येक दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खुणा करून ठेवल्यात आणि दर महिन्याला वहीत नोंद करतात. अजून भेग नाही. पण एका पावसाळ्यावर निकाल लावू नये असं ते स्वतःच म्हणतात, पाच वर्षांनी बघू.

तुम्ही प्लॉट बघायला जाल तेव्हा शक्यतो मे महिन्यात एकदा जा आणि ऑगस्टमध्ये एकदा. मेमध्ये भेगा दिसतील, ऑगस्टमध्ये पाणी कुठे साचतं ते दिसेल. आजूबाजूच्या दहा वर्षं जुन्या घरांच्या खिडक्यांचे कोपरे बघा. जवळपास कुणी विहीर खणत असेल तर तिच्या काठावर उभे राहा, मातीचे थर फुकटात बघायला मिळतात. पैसे देण्याआधी एक खड्डा घ्या. आणि शेजाऱ्याची बोअर कुठे आहे ते विचारून कागदावर खूण करा.

आमच्या ले-आऊटमध्ये आता आणखी चार घरं होतायत. बाबा रोज सकाळी फिरायला जाताना खिशात स्टीलची पट्टी ठेवतात. दोघांना त्यांनी रात्रभर खड्डा भिजवून ठेवायला लावलं. तिसऱ्याने सरळ सांगितलं, "गुरुजी, आमच्यात जुनी बोर हाय." बाबा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आजींच्या धाकट्या नातवाला कडेवर घेऊन गेले होते, असं आई सांगत होती. काय बोलले ते कुणालाच सांगितलं नाही. पण परवा फोनवर म्हणाले, बोअर बुजवायला खडी मागवलीय त्याने, तू जरा त्या कर्दळीच्या वाफ्याचं ड्रॉईंग मराठीत करून पाठव.

या शनिवार-रविवारी तेच करत होतो.